फाईल आहे, पण सापडत नाही



मागच्या महिन्यातल्या एका रविवारी चिकलठाण्याच्या विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, बाया दारात चपला शोधू लागल्या, आणि एक मुलगी लॅपटॉप छातीशी धरून आमच्यापुढे येऊन उभी राहिली. सोबत तिची आई. मुलगी गप्प. आईच बोलली, "दादा, पोरगी चार दिवस झाले नीट जेवंना. ह्या कंपुटरला काय झालं ते बघा जरा."

मुलगी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात पॅकिंगला, रोजंदारीवर. तिथे प्रत्येक खोके काट्यावर ठेवायचे, वजन वहीत लिहायचे, आणि संध्याकाळी कुणीतरी ती वही बघून संगणकात आकडे भरायचे. एकाचा सात झाला की बिल चुकते आणि बोलणी पॅकिंगवाल्या बायांना बसतात. या मुलीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी तोच प्रश्न घेतला. काट्याच्या मागे तार जोडायची असते तिथून वजन थेट संगणकात यावे आणि चिठ्ठी छापून निघावी, अशी आज्ञावली तिने जावा भाषेत लिहिली. मालकाने ऐकले आणि म्हणाला, आमच्या संगणकावर चालवून दाखव, मग तुला पॅकिंगवरून ऑफिसात घेतो, महिन्याच्या पगारावर. घरच्या लॅपटॉपवर आज्ञावली धडाक्यात चालली होती. कारखान्यातल्या संगणकावर ती उघडेचना. काळ्या खिडकीत चार-पाच ओळी इंग्रजी उमटायची आणि खेळ खलास. मालकाने सोमवारपर्यंत मुदत दिली होती.

"दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागंल," आई म्हणाली.

इथे आम्हाला थांबून दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण लिंबू-मिरची दारातून काढून टाकली, गंडेदोरे सोडले, अंगात येणे सोडले. पण संगणक बिघडला की आपल्यातले शिकलेले पोरही "फॉरमॅट मारा" म्हणून मोकळे होते. फॉरमॅट हा संगणकाचा गंडाच झाला आहे! रोग कोणता ते बघायचे नाही, उतारा मात्र एकच. आमच्या ओळखीतल्या एका घरी असाच फॉरमॅट मारला गेला. संगणक सुरू झाला, पण जातपडताळणीसाठी स्कॅन करून ठेवलेले आजोबांचे जुने कागद गेले आणि वारलेल्या बापाचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो गेले. कागद पुन्हा काढता आले. फोटो कुठून काढणार? आणि मूळ बिघाड काय होता, तर एक फाईल जागेवर नव्हती.

आम्ही मुलीला विचारले, "बाई, त्या चार ओळी काय होत्या?" ती म्हणाली, "काहीतरी एरर होता काका, लाल लाल." म्हणजे तिनेही वाचल्या नव्हत्या. फोनमध्ये फोटो मात्र काढलेला होता, तेवढे शहाणपण तिने केले होते. तो मोठा करून आम्ही सगळे वाचायला बसलो.

(आज्ञा आणि संदेश आम्ही इथे मराठी अक्षरांत देत आहोत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची.)

पहिल्या ओळीत होते 'अनसॅटिस्फाइड लिंक एरर', आणि पुढे 'नो आरएक्सटीएक्स-सीरियल इन जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ'. म्हणजे, आरएक्सटीएक्स-सीरियल नावाची लायब्ररी मला लागते, मला ज्या जागा शोधायला सांगितल्या होत्या त्या सगळ्या मी बघितल्या, त्यात ती नाही. एवढाच निरोप. संगणक बिचारा स्वच्छ सांगत होता आणि आपण त्याला शिव्या देत होतो.

लायब्ररी म्हणजे काय, ते आईसाठी सांगावे लागले आणि सांगताना आम्हालाही नीट उमगले. बाबासाहेबांनी आपल्या शहरात १९५० साली जे महाविद्यालय उभे केले त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा रथाचा संवाद आपल्या घरोघर माहीत आहे. नागसेन विचारतात, महाराज, आपण रथाने आलात, तर रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र आले की त्याला रथ म्हणायचे. आज्ञावलीचे अगदी तसेच आहे. आपण जिला एक फाईल समजतो ती एकटी काही करू शकत नाही. पडद्यावर अक्षर काढायला एक भाग, छपाईला दुसरा, तारेतून आलेले वजन घ्यायला तिसरा. हे भाग वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी करून ठेवलेले असतात आणि सगळ्यांनी वाटून वापरायचे असतात. म्हणूनच त्यांना लायब्ररी म्हणतात. पेन ड्राइव्हवर आपण फक्त रथाची पेटी उचलून नेली आणि चाके घरी राहिली, तर रथ कसा चालणार?

आता जावाची एक गंमत आहे. जावाची आज्ञावली विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, कोणत्याही यंत्रावर चालते, अशी तिची ख्याती. पण काट्याच्या तारेला हात लावायची वेळ आली की जावाचे हात पोचत नाहीत. त्या कामाला त्याच यंत्राच्या भाषेत तयार केलेला भाग लागतो. त्याला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात, म्हणजे त्या यंत्राची गाववाली. जावा आणि ही गाववाली यांनी एकमेकींशी कसे बोलायचे याचे नियम १९९७ च्या जावा १.१ पासून ठरलेले आहेत. विंडोजवर या फाईलच्या नावाचे शेपूट डीएलएल असते. लिनक्सवर नावाच्या पुढे 'लिब' लागते आणि शेपूट 'एसओ'. ॲपलच्या संगणकावर शेपूट 'डायलिब'. एकाची दुसऱ्याला चालत नाही.

मग घरी कशी चालली? मुलगी म्हणाली, "घरी तर मी असं काही टाकलंच नव्हतं." आम्ही लॅपटॉपवर शोध घेतला. काळ्या खिडकीत 'डीआयआर' लिहायचे, मग सी ड्राइव्हचा पत्ता आणि फाईलचे नाव, शेवटी तिरपी रेघ आणि एस, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शोध. डीएलएल निघाली ती थेट जावाच्याच 'बिन' फोल्डरात. तेव्हा मुलीला आठवले. कॉलेजातल्या एका पुढच्या वर्गातल्या मुलाने जावा बसवून देताना "ही फाईल इथं टाकून ठेवतो" म्हणत काहीतरी टाकले होते. जावा आपल्या बिन फोल्डरात आपोआप बघते, म्हणून घरी कधी अडले नाही. तिने कारखान्यात नेली ती फक्त जार फाईल. त्या पुढच्या वर्गातल्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याने मदतच केली. पण मदत करताना काय केले ते वहीत लिहून दिले असते तर या पोरीचे चार दिवस वाचले असते.

मुलीने डीएलएल पेन ड्राइव्हवर घेतली. आता ती कारखान्याच्या संगणकावर कुठे ठेवायची? बरेच जण सल्ला देतात की विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात टाक. आमचे मत विचाराल तर टाकू नये. दुसऱ्याच्या संगणकाच्या माजघरात आपले गाठोडे कशाला ठेवायचे? उद्या दुसरी आज्ञावली त्याच नावाची फाईल मागेल आणि दोघांचे भांडण लागेल. आपल्या प्रकल्पाच्या फोल्डरातच 'नेटिव्ह' नावाचा लहान फोल्डर करावा, डीएलएल त्यात ठेवावी, आणि आज्ञा देताना जावाला पत्ता सांगावा. तो असा: जावा, मग जागा सोडून डॅश, लगेच चिकटून मोठा डी, त्याला चिकटून जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ, बरोबरचे चिन्ह, आणि फोल्डरचा पत्ता. त्यानंतर डॅश जार आणि जार फाईलचे नाव.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. मुलगी त्याच दिवशी दुपारी कारखान्यात गेली आणि तिचाही घसरला. तिथून फोन आला, "काका, तरी तेच येतंय!" आज्ञा वाचून दाखव म्हटले. तिने पत्ता जार फाईलच्या नावानंतर लिहिला होता. जार फाईलच्या पुढे जे काही लिहाल ते जावा स्वतःसाठी वाचतच नाही, ते तुमच्या आज्ञावलीला देऊन टाकते. पाकिटावरचा पत्ता आतल्या चिठ्ठीत लिहिल्यासारखे झाले. दुसरी चूक, पत्ता फोल्डरचा द्यायचा असतो, फाईलचा नव्हे. तिसरी, फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता दुहेरी अवतरणात घालायचा, नाहीतर जावा अर्धाच पत्ता वाचते. जावा नेमकी कुठे कुठे शोधते हे पाहायचे असेल तर जावा, मग डॅश, मोठा एक्स, त्याला चिकटून शो-सेटिंग्ज, कोलन, प्रॉपर्टीज, आणि शेवटी डॅश व्हर्जन, अशी आज्ञा द्यावी. लांबलचक यादी येते. त्यात जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ ही ओळ बघावी.

पत्ता जागेवर आला आणि संदेश बदलला. मुलगी रडवेली झाली. आम्हाला मात्र आनंद झाला. संदेश बदलला म्हणजे एक पायरी चढलो. नवा संदेश होता, 'कान्ट लोड एएमडी ६४-बिट डॉट डीएलएल ऑन अ आयए ३२-बिट प्लॅटफॉर्म'. म्हणजे फाईल सापडली, उघडली, पण मापाची नाही. यातला एएमडी शब्द पाहून घाबरू नये. संगणकात कोणत्याही कंपनीची चिप असो, ६४ बिटच्या या घडणीला तेच नाव पडले आहे.

मुलगी म्हणाली, "पण विंडोज तर ६४ बिटचंच आहे, मी बघितलं." बरोबर होते. पण इथे विंडोजला विचारायचे नसते, जावाला विचारायचे असते. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटची जावा बसू शकते आणि मग डीएलएलही ३२ बिटचीच लागते. काळ्या खिडकीत जावा डॅश व्हर्जन लिहिले की तीन ओळी येतात. शेवटच्या ओळीत ६४-बिट असे शब्द असतील तर जावा ६४ ची. नसतील तर ३२ ची. कारखान्यातल्या संगणकावर कुठल्याशा जुन्या हिशेबाच्या आज्ञावलीसाठी कुणीतरी ३२ ची जावा बसवून गेले होते. ती काढली असती तर हिशेब बंद पडला असता आणि मालकाने मुलीलाच बाहेर काढले असते. म्हणून जावाला हात न लावता त्याच लायब्ररीची ३२ बिटची डीएलएल आणून नेटिव्ह फोल्डरात ठेवायला आम्ही सांगितले. ३२ आणि ६४ दोन्ही एकाच नावाच्या असतात, म्हणून दोन वेगळे फोल्डर करायचे, गल्लत होत नाही.

विंडोजची यातली एक खोड सांगून ठेवतो, कारण भलेभले फसतात. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टिम-३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फाईली असतात, आणि ३२ बिटच्या फाईली असतात त्या सिस-वाव-६४ नावाच्या फोल्डरात. उलटेच! जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून नाव तसेच ठेवले गेले.

मुलीचे काम त्या रात्री झाले की नाही ते शेवटी सांगतो. त्याआधी ज्यांच्या घरी जावा नाही त्यांच्यासाठी थोडे.

विंडोजवर कोणतीही आज्ञावली उघडताना "व्हीसी-रनटाइम-१४० डॉट डीएलएल सापडत नाही" किंवा "एमएसव्हीसीआर-१०० डॉट डीएलएल सापडत नाही" असा चौकोन येतो. मुले लगेच फोनवर शोधतात आणि "डीएलएल फुकट मिळेल" म्हणणाऱ्या कुठल्याही दुकानातून फाईल उतरवून घेतात. हे रस्त्यावर पडलेली औषधाची पुडी उचलून खाण्यासारखे आहे. त्या फाईलीत कुणी काय भरले आहे ते तुम्हाला कळत नाही, आणि उद्या घरच्या बँकेचा पासवर्ड त्याच संगणकावर टाकला जातो. या दोन्ही फाईली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या पॅकेजमधून येतात. १०० आकड्याची २०१० च्या पॅकेजमधून, १४० ची २०१५ नंतरच्या पॅकेजमधून. ते पॅकेज मायक्रोसॉफ्टच्याच ठिकाणावरून फुकट मिळते. एक्स-८६ म्हणजे ३२ बिटचे आणि एक्स-६४ म्हणजे ६४ बिटचे. दोन्ही बसवून टाकावे, भांडत नाहीत.

लिनक्सवर संदेश येतो, 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज', पुढे फाईलचे नाव, आणि मग 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. इथे एलडीडी नावाची आज्ञा आहे, ती आमची फार लाडकी. एलडीडी आणि पुढे आज्ञावलीचा पत्ता दिला की रथाच्या सगळ्या भागांची यादी मिळते, कोणता भाग कुठे आहे त्यासकट. जो सापडत नाही त्याच्यापुढे 'नॉट फाउंड' लिहिलेले असते. एक मात्र, ज्या फाईलवर तुमचा विश्वास नाही तिच्यावर एलडीडी चालवू नये, कारण कधी कधी ती फाईलच चालू होते. नाव कळले की उबुंटूवर ॲप्ट-फाईल सर्च आणि ते नाव, म्हणजे कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते कळते, आणि ते पॅकेज रीतसर बसवायचे. फाईल तुम्ही स्वतःच वेगळ्या फोल्डरात ठेवली असेल तर आज्ञेच्या आधी एलडी-लायब्ररी-पाथ बरोबर तो फोल्डर असे लिहायचे. हे त्या वेळेपुरते. कायमचे करायचे तर ईटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी या फोल्डरात पत्त्याची एक ओळ असलेली फाईल ठेवून सुडो एलडी-कॉन्फिग चालवायचे. आणि सुडो लावून आज्ञावली चालवली तर एलडी-लायब्ररी-पाथ बहुधा वाटेत गळून पडतो, हेही ध्यानात असू द्या. आमचा एकदा यात अख्खा दिवस गेला.

जुन्या आज्ञावल्या नव्या उबुंटूवर अडतात त्याचेही हेच कारण. २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये ओपन-एसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि 'लिब-एसएसएल डॉट एसओ डॉट १.१' मागणाऱ्या आज्ञावल्या बंद पडल्या. काही पोरे तिसऱ्या आवृत्तीच्या फाईललाच जोडफाईल करून १.१ चे नाव देतात. नाव बदलले म्हणून आतला माणूस बदलत नाही. दुसरा संदेश येतो किंवा आज्ञावली मध्येच कोसळते. आज्ञावलीची नवी आवृत्ती मिळवावी, हेच खरे. २०२४ च्या २४.०४ मध्ये तर कित्येक पॅकेजांच्या नावामागे 'टी-६४' असे शेपूट लागले आहे. आवाजाचे लिब-एसाउंड-२ हे पॅकेज आता लिब-एसाउंड-२-टी-६४ झाले. जुन्या वहीतली आज्ञा जशीच्या तशी मारून चालत नाही.

बरे, जावावाल्यांसाठी आणखी एक. लायब्ररी सापडते, तरी जावा म्हणते 'कान्ट फाइंड डिपेंडंट लायब्ररीज'. म्हणजे तुम्ही दिलेली फाईल आली, पण तिला स्वतःला आणखी कुणीतरी हवे आहे. पाहुणा आला पण त्याचा सामान आणणारा मागे राहिला. अशा वेळी जावाला पत्ता सांगून भागत नाही. दुसरी फाईल जावा शोधत नसते, खालची यंत्रणा शोधते. लिनक्सवर एलडी-लायब्ररी-पाथ लागतो आणि विंडोजवर पाथमध्ये फोल्डर घालावा लागतो.

रात्री नऊला मुलीचा फोन आला. ३२ बिटची डीएलएल बसली, आज्ञावली उघडली, पण काटा बोलेना. आता आमचाही धीर सुटत आला होता. मग तिच्याच लक्षात आले की घरी काटा कॉम-३ वर होता आणि आज्ञावलीत तोच आकडा ठोकून लिहिलेला होता. कारखान्यात डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम-५ दिसत होता. आकडा बदलला. काट्यावर तिने आपला डबा ठेवला आणि पडद्यावर आकडा आला. फोनवर मागून आईचा आवाज ऐकू आला, "आला का गं? आला?" पोरगी एकटी जाऊ नये म्हणून आई कारखान्याच्या दारात दुपारपासून बसून होती, हे आम्हाला तेव्हा कळले.

सोमवारी मालकाने दहा खोकी स्वतः ठेवून बघितली. मुलगी आता ऑफिसात बसते. पगार ठरला तेवढाच दिला का, ते आम्ही विचारले. पहिल्या महिन्याचा दिला आहे.

तिला आम्ही एक काम सांगितले आहे, तेच तुम्हालाही सांगतो. आरएक्सटीएक्स आता जुनी झाली. जे-सीरियल-कॉम नावाची मोफत लायब्ररी आहे. ती वेगवेगळ्या यंत्रांच्या नेटिव्ह फाईली आपल्या जारमध्येच बाळगते आणि योग्य ती स्वतः बाहेर काढून वापरते, म्हणजे डीएलएलचे गाठोडे वेगळे न्यायला नको. शिवाय मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ पासून ३२ बिटच्या विंडोजसाठीची जावा तयार होणे बंद झाले आहे, आणि नेटिव्ह लायब्ररी वापरली की जावा इशारा छापते. इशारा आला म्हणून आज्ञावली बंद पडत नाही. तो गप्प करायचा तर डॅश डॅश इनेबल-नेटिव्ह-ॲक्सेस बरोबर ऑल-अननेम्ड असे जार फाईलच्या आधी लिहावे, मोठ्या-लहान अक्षरांकडे लक्ष देऊन.

ज्यांचा संगणक असाच अडला असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. येताना संदेशाचा पूर्ण फोटो आणावा, वरच्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि कोणती आज्ञा दिली होती तीही कागदावर उतरवून आणावी. त्या मुलीनेही यायचे कबूल केले आहे, जावाचे प्रश्न ती बघेल.